जुन्या टार्गेट रायफल साइटचे मूळ कसे शोधावे: आटे, आकडे आणि कागद

पोलादी पट्टी, तिच्यावर केसाएवढ्या बारीक रेघा, बाजूला दातेरी कडेची एक-दोन बटणे आणि मध्ये बारीक छिद्र असलेली चकती. शंभर वर्षांपूर्वीच्या टार्गेट रायफलीची मागची साइट रायफलीपासून सुटी होऊन हाती येते, तेव्हा ती एवढीच दिसते. नळीच्या टोकावरची माशी आणि डोळ्याजवळची ही साइट एका रेषेत आणूनच नेम धरला जातो, त्यामुळे रायफलीच्या सगळ्या भागांत सर्वाधिक काटेकोर काम याच भागावर झालेले असते. तरीही संग्रहांच्या याद्यांमध्ये बहुधा ‘जुनी साइट, इंग्लंड’ एवढीच नोंद आढळते. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारच्या छिद्राच्या साइटमधून नेम धरून कांस्यपदक मिळवले, तिच्या या पूर्वजांची नोंद एका ओळीत संपावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती नोंद नीट कशी करावी यासाठी हा लेख आहे. यातील उदाहरणे मुख्यतः ब्रिटनमधील आणि काही अमेरिकेतील आहेत, कारण या वस्तूचा इतिहास प्रामुख्याने तिथेच घडला.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. साइटवर छापलेले नाव ती विकणाऱ्याचे असते. तेच बनवणाऱ्याचे असेल असे नाही. बर्मिंगहॅममध्ये बंदुकीचे सुटे भाग लहान लहान कारागीर बनवत आणि दुकानदार त्यांवर आपले नाव उमटवून घेत. म्हणून नाव वाचून शोध सुरू करण्याऐवजी वस्तू मोजून सुरू करावा आणि नावाकडे नंतर वळावे. उलट क्रम धरला की मन त्या नावाच्या बाजूने झुकते आणि मापेही त्याला जुळवून घेतली जातात.

कोणत्या काळातल्या, कोणत्या कुळातल्या

ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ मध्ये स्थापन झाली आणि १८६० मध्ये विम्बल्डनच्या मैदानावर पहिल्या स्पर्धेची पहिली गोळी स्वतः व्हिक्टोरिया राणीने, आधारावर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून झाडली. १८९० पासून या स्पर्धा बिस्ली येथे होऊ लागल्या. अमेरिकेत लाँग आयलंडवरील क्रीडमूरच्या मैदानावर १८७४ मध्ये आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. आयरिश संघाकडे डब्लिनच्या रिग्बीच्या तोंडाकडून भरायच्या रायफली होत्या, तर अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्सच्या मागून भरायच्या. अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी सामना जिंकला. या काळातील लांब पल्ल्याची साइट हे पहिले कूळ: दस्त्याच्या मानेवर, म्हणजे हाताने पकडायच्या निमुळत्या भागावर उभी राहणारी, व्हर्नियर मापपट्टी (मुख्य पट्टीवरील रेघांमधले बारीक अंश वाचायची सरकती पट्टी) असलेली उंच पट्टी. काही नेमबाज पाठीवर झोपून नेम धरत, आणि त्यांच्यासाठी हीच साइट दस्त्याच्या थेट टाचेवर, म्हणजे मागच्या टोकावर, बसवलेली असे.

दुसरे कूळ .२२ बोअरच्या रायफलींचे आहे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या अनुभवावरून सामान्य नागरिकांनाही नेमबाजी आली पाहिजे, हा विचार लॉर्ड रॉबर्ट्स यांनी लावून धरला. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची जी संस्था निघाली, तीच पुढे सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज झाली आणि १९४७ पासून तिचे नाव नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन आहे. गावोगावच्या या क्लबांमुळे स्वस्त पण नेमक्या साइटना मोठी मागणी आली आणि बी.एस.ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीच्या मार्टिनी रायफलींभोवती साइटचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. तिसरे कूळ लष्करी ली-एनफिल्ड रायफलीच्या बाजूला बसणाऱ्या छिद्राच्या साइटचे. आपली साइट या तिन्हींपैकी कोणत्या कुळातील आहे, हे बहुधा तिच्या बैठकीवरूनच कळते: खालून मानेवर बसणारी, की बाजूने यंत्रणेच्या अंगाला चिकटणारी.

पुसू नका, घासू नका

साइट हाती येताच ती चकचकीत करण्याचा मोह आवरावा. जुन्या पोलादावरील निळ्या ओपाखाली अक्षरांचे ठसे अनेकदा इतके उथळ असतात की पॉलिश पेपरचे चार फेरे त्यांना कायमचे नाहीसे करतात. एका पितळी पट्टीवरची तीन अक्षरे माझ्याच हातून अशी गेली आहेत, आणि ती काय होती हे आता कधीही कळणार नाही. मऊ कापडाला पातळ तेल लावून धूळ टिपावी आणि अडकलेला स्क्रू दोन दिवस तेलात भिजत ठेवावा. तारेचा ब्रश वापरू नये. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश अगदी आडवा, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पाडावा आणि विजेरी चारही बाजूंनी फिरवत फोटो घ्यावेत. समोरून पाहताना कोऱ्या दिसणाऱ्या धातूवर आडव्या प्रकाशात अर्धी अक्षरे उठून दिसतात. ठशांत थोडी टाल्कम पावडर भरली तरी उपयोग होतो.

भाग सुटे करता येत असतील, तर प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला दोन-तीन आकडी क्रमांक आहे का, हे पाहावे. हे जुळणीचे क्रमांक असतात. सगळ्या भागांवर एकच क्रमांक असेल तर साइट एकसंध आहे. एखाद्या भागावर वेगळा असेल, तर तो दुसऱ्या साइटवरून आलेला आहे आणि त्यावरील नावावरून संपूर्ण साइटचा निष्कर्ष काढता येणार नाही.

आटे काय सांगतात

स्क्रूचे आटे हा या शोधातील सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. नाव कोणीही छापू शकतो. आटे मात्र कारखान्यात जी हत्यारे असतील त्यांनीच पाडले जातात. ब्रिटनमध्ये बारीक कामासाठी १८८४ पासून बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) हे आट्यांचे प्रमाण रूढ होऊ लागले. त्याच्या आट्यांचा कोन ४७.५ अंश असतो. ४ बी.ए. स्क्रूचा बाहेरचा व्यास ३.६ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधील अंतर ०.६६ मिलिमीटर; २ बी.ए.चा व्यास ४.७ आणि अंतर ०.८१. त्याआधीच्या आणि मोठ्या कामासाठी ५५ अंशांचे व्हिटवर्थ आटे होते. अमेरिकेत आट्यांचा कोन ६० अंशांचा, आणि साइटसाठी तिकडे ६-४८ हा स्क्रू सर्वत्र वापरला जाई. त्याचा व्यास सुमारे ३.५ मिलिमीटर असतो आणि इंचाला ४८ आटे, म्हणजे दोन आट्यांत साधारण ०.५३ मिलिमीटर.

नुसत्या डोळ्यांना ४ बी.ए. आणि ६-४८ सारखेच दिसतात. यंत्रणेच्या बाजूला बसणारी एक साइट मी ‘बर्मिंगहॅमची’ म्हणून घेतली होती. नाव झिजलेले होते आणि विकणाऱ्याचा शब्द एवढाच आधार होता. तिच्या एका रिकाम्या छिद्रात ४ बी.ए.चा स्क्रू बोटांनी फिरवला, तर तो जेमतेम एक फेरा आत गेला आणि अडकला. मी तो तिथेच थांबवला, कारण अशा वेळी जोर लावला की शंभर वर्षे टिकलेला पुरावा क्षणात कातरला जातो. मग साइटचाच एक मूळ स्क्रू काढून त्यावर आटे मोजायच्या गेजची पाती एकेक करून धरली. ४८ चे पाते प्रकाशाची फटही न ठेवता बसले. बर्मिंगहॅमची कथा तिथेच संपली. ही पाती हार्डवेअरच्या चांगल्या दुकानात सहज मिळतात; मेट्रिक आणि इंच, दोन्ही संच घ्यावेत, कारण बी.ए.चे अंतर मिलिमीटरवर बेतलेले आहे.

मात्र आटे कोणत्या जागचे मोजायचे, हे नीट समजून घेतले पाहिजे. साइट रायफलीला धरून ठेवणारे स्क्रू पिढ्यान्‌पिढ्या बदलले जातात, कधी छिद्रेही पुन्हा पाडली जातात, आणि निर्यातीच्या साइटना परदेशी रायफलीचे आटे मुद्दाम दिलेले असत. साइटच्या पोटातले, चकती वर-खाली नेणारे मळसूत्र कोणी बदलत नाही. साक्ष घ्यावी ती त्याची. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचा आहे, म्हणजे त्या जागी दुरुस्ती झाली आहे किंवा साइटच नंतरची आहे.

मापपट्टीवरून रायफल ओळखणे

साइटवरील पट्टी मिनिटांत आखलेली असेल, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात, तर त्या आखणीत एक माहिती दडलेली असते: ही साइट माशीपासून किती अंतरावर बसण्यासाठी बनवली होती. पट्टीवरील ६० मिनिटांची लांबी कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजावी आणि तिला ५७.३ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे साइट आणि माशी यांतील अंतर. ६० मिनिटे १३.० मिलिमीटर भरली, तर अंतर ७४५ मिलिमीटर येते, म्हणजे सव्वाएकोणतीस इंच. मोजण्यात एक दशांश मिलिमीटर चूक झाली तरी उत्तर सहा मिलिमीटरांनीच चुकते, आणि एवढी अचूकता आपल्या कामाला पुरेशी आहे. पट्टीवर १२० मिनिटे असतील तर ती सगळी मोजून निम्मी करावीत. चूक आणखी कमी होते. आता हे अंतर ज्या रायफलीवर ती साइट बसत होती असे सांगितले जाते, त्या रायफलीच्या मापाशी पडताळावे. दोन्हींत शंभर मिलिमीटरांचा फरक निघाला, तर सांगितलेली जोडी मूळची नाही. उत्तर मीटरच्या पुढे गेले, तर टाचेवर बसणाऱ्या जुन्या साइटचा विचार करावा.

पट्टी नसेल पण बटण फिरवताना टिकटिक होत असेल, तर हाच हिशेब मळसूत्रावरून मांडता येतो. समजा मळसूत्राला इंचाला ४० आटे आहेत, म्हणजे एका फेऱ्यात चकती ०.६३५ मिलिमीटर सरकते, आणि एका फेऱ्यात १२ टिका आहेत. एका टिकेला ०.०५३ मिलिमीटर झाले. एक टिक पाव मिनिटाची धरली तर अंतर साधारण ७२८ मिलिमीटर येते, अर्ध्या मिनिटाची धरली तर ३६४. रायफलीवर ३६४ मिलिमीटर शक्य नाही, म्हणून टिक पाव मिनिटाची, हे आपोआप ठरते.

काही पट्ट्या मिनिटांऐवजी यार्डांत आखलेल्या असतात. असे आकडे विशिष्ट काडतुसापुरतेच खरे असल्याने त्यांची किंमत तारखेच्या दृष्टीने मोठी आहे. ली-एनफिल्डच्या .३०३ बोअरचे जड, गोल नाकाचे मार्क सहा काडतूस आणि १९१० मध्ये आलेले १७४ ग्रेनच्या टोकदार गोळीचे मार्क सात काडतूस यांचे मार्ग इतके वेगळे आहेत की एकाची पट्टी दुसऱ्याला चालत नाही. पट्टीवर रोमन सात दिसला, तर ती पट्टी १९१० नंतरची. पट्टी बदलता येते, हे मात्र विसरू नये.

ठसे वाचणे

मापे वहीत लिहून झाली की मग नावाकडे वळावे. पार्कर या नावाबाबत विशेष सावध राहावे लागते. बर्मिंगहॅममध्ये ए. जी. पार्कर आणि ए. जे. पार्कर या दोन वेगळ्या पेढ्या होत्या आणि दोघीही टार्गेट साइट विकत. पहिलीचे नाव १९३० च्या दशकात पार्कर-हेल झाले. दुसरीच्या साइटवर ‘ट्विन झिरो’ हे नाव सापडते. पार्कर-हेलच्या साइटना पी.एच. अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक असतात: पी.एच. ५ए जुन्या ली-एनफिल्डसाठी, ५बी ‘पॅटर्न १४’ या लष्करी रायफलीसाठी आणि ५सी ‘नंबर ४’ रायफलीसाठी. ठशात ए. जी. पार्कर असे पूर्ण नाव आहे की पार्कर-हेल, एवढ्यावरूनच काळाची एक कड निश्चित होते. रायफलींची नावेही अशीच उपयोगी पडतात. ब्रिटिश लष्कराने आपल्या रायफलींना ‘नंबर १’, ‘नंबर ३’ अशी नावे १९२६ मध्ये दिली, म्हणून ‘नंबर १’ असा उल्लेख असलेला ठसा किंवा खोका त्याआधीचा नसतो. ‘नंबर ४’ १९३९ मध्ये मंजूर झाली आणि १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. तिच्यासाठीची साइट कोणी ‘पहिल्या महायुद्धातली’ म्हणून विकत असेल, तर पुढे बोलण्याची गरज नाही. बी.एस.ए.ची खूण म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली.

पेटंटचा क्रमांक दिसला की लोक तो लगेच शोधयंत्रात टाकतात आणि भलत्याच यंत्राचे पेटंट हाती घेऊन बसतात. कारण साधे आहे. ब्रिटनमध्ये १९१६ पूर्वी पेटंटचे क्रमांक दर वर्षी नव्याने एकपासून सुरू होत, म्हणून सालाशिवाय त्या क्रमांकाला अर्थ नाही. ठशात तिरक्या रेघेनंतर दोन आकडे असतील तर ते साल होय. नसतील, तर मापांवरून ठरलेल्या काळातील प्रत्येक वर्षाचा तो क्रमांक तपासावा लागतो; काम कंटाळवाणे असले तरी पंधरा-वीस नोंदींत संपते. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पेसनेट या मोफत संग्रहात जुनी ब्रिटिश पेटंटे ‘जीबी’, मग साल, मग पाच आकडी क्रमांक अशी लिहून मिळतात. १९०८ चा ७५४ क्रमांक हवा असेल तर जीबी१९०८००७५४. १९१६ पासून क्रमांक १००००१ पासून सलग सुरू झाले, त्यामुळे सहा आकडी क्रमांक सरळ शोधता येतो.

अमेरिकन पेटंटे १८३६ पासून सलग क्रमांकांची आहेत, पण तिकडच्या साइटवर बहुधा क्रमांकाऐवजी तारीख असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत पेटंटे मंगळवारीच दिली जातात. म्हणून झिजलेला दिवस ३ आहे की ८ असा घोटाळा झाला, तर त्या वर्षाची दिनदर्शिका पाहावी. दोन्ही दिवस मंगळवार असूच शकत नाहीत. कनेक्टिकटमधील मिडलफील्डच्या विल्यम लायमन यांनी १८७९ मध्ये आपल्या छिद्राच्या साइटचे पेटंट घेतले आणि पुढे त्यांच्या कारखान्याच्या साइट जगभर गेल्या, त्यामुळे अमेरिकन आट्यांची साइट असेल तर पहिली पडताळणी लायमनशी करावी.

‘आरडी. नं.’ असा ठसा पेटंटचा नसून नोंदणीकृत आकाराचा असतो. ही सलग मालिका १८८४ मध्ये एकपासून सुरू झाली. १८८५ च्या आरंभी ती १९७५४ वर आणि १८९० च्या आरंभी १४१२७३ वर होती. त्याआधी, १८४२ ते १८८३ या काळात, चौकटच्या आकाराची खूण वापरत आणि तिच्या वरच्या वर्तुळात धातूच्या वस्तूंसाठी रोमन एक असे. जर्मन साइटवर डी.आर.पी. म्हणजे १८७७ नंतरचे पेटंट आणि डी.आर.जी.एम. म्हणजे १८९१ नंतरची उपयुक्त नमुन्याची नोंदणी. नुसते ‘इंग्लंड’ असे देशाचे नाव असेल, तर १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचे नाव सक्तीचे झाले होते, हे लक्षात घ्यावे. या सर्व खुणा ‘याच्या आधीची नाही’ एवढेच सांगतात. त्याच नमुन्याची साइट पुढे तीस वर्षे बनत राहिलेली असू शकते.

कागदपत्रांकडे

आता हातात एक देश, एक काळ आणि एक-दोन नावे असतात. ब्रिटिश व्यापाऱ्यांचे पत्ते केलीच्या डिरेक्टऱ्यांत वर्षवार सापडतात आणि त्यांपैकी पुष्कळ लेस्टर विद्यापीठाने संगणकावर मोफत खुल्या केल्या आहेत. साइटच्या खोक्यावर पत्ता असेल, तर तो पत्ता कोणत्या वर्षी पहिल्यांदा येतो आणि कोणत्या वर्षी जातो हे टिपावे. ठशातून न मिळणारी शेवटची तारीख अशी मिळते. भागीदारी मोडल्याच्या आणि कंपन्या बंद झाल्याच्या सूचना लंडन गॅझेटमध्ये छापल्या जात, आणि तेही मोफत शोधता येते. ग्रेसेस गाइड हे ब्रिटिश उद्योगांच्या इतिहासाचे संकेतस्थळ पेढ्यांची साखळी जुळवायला सोयीचे आहे. नोंदणीकृत आकारांची मूळ रेखाचित्रे क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, शस्त्रांवरील मोठे ग्रंथालय लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये, आणि बिस्लीला नॅशनल रायफल असोसिएशनचे स्वतःचे संग्रहालय आहे. अशा ठिकाणी पत्र लिहिताना ‘ही साइट कोणती?’ असे विचारू नये. मापे, आट्यांची नोंद, आडव्या प्रकाशातले फोटो आणि आपला तात्पुरता अंदाज पाठवावा. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर येते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

विक्रीची जुनी सूचिपत्रे सर्वांत उपयुक्त, पण त्यांतील चित्रे जपून पाहावीत. चित्राचा ठसा एकदा कोरला की व्यापारी तो वर्षानुवर्षे वापरत, त्यामुळे साइटमध्ये सुधारणा झाली तरी चित्र जुनेच राही. चित्रापेक्षा वर्णनाचा मजकूर आणि किंमत एका वर्षातून दुसऱ्या वर्षात कशी बदलली, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

भारतातील संग्राहकाने कायद्याच्या दोन गोष्टी आधीच तपासाव्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात, म्हणून खरेदीपूर्वी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि ती परदेशी तज्ज्ञाकडे तपासणीसाठी पाठवणेही निर्यात ठरते. फोटो पाठवावेत, वस्तू नव्हे.

नोंद लिहिताना

शेवटी नोंदपत्र लिहावे आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: स्वतः मोजलेले, कागदात सापडलेले आणि अनुमान. माझ्या त्या साइटच्या पत्रावर पहिल्या रकान्यात ‘साइटच्या मूळ स्क्रूला इंचाला ४८ आटे, बाजूने बसणारी बैठक’ असे आहे, दुसरा रकाना रिकामा आहे आणि तिसऱ्यात ‘अमेरिकन कारखाना, नाव ठरलेले नाही’ एवढेच आहे. विकणाऱ्याने सांगितलेले ‘बर्मिंगहॅम’ मी खोडलेले नाही. ते चौथ्या ओळीत, ‘ऐकीव’ या शब्दासह आणि खरेदीच्या तारखेसह लिहून ठेवले आहे, कारण ती साइट कधीकाळी बर्मिंगहॅमच्या एखाद्या दुकानातून विकली गेली असेल, तर पुढच्या शोधकाला तोच धागा हवा असेल.